प्रॉक्टरच्या दातांचं इंग्रजी

माझ्या पाठीमागून कुणी अचानक बोललेलं मला अजिबात खपत नाही. शहाण्णव सालीही खपत नव्हतं. तेव्हा दुबईत शेख झायेद रोडवर आमच्या कंपनीचा चाळीस मजली टॉवर उभा राहत होता आणि मी, अनुराधा करंबेळकर, मूळची पुण्याची, त्या साइटवरच्या पोर्टा केबिनमध्ये सेक्रेटरी होते. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडत होते, तेवढ्यात मागून प्रॉक्टरसाहेबांनी इंग्रजीत विचारलं, पत्र झालं का? मी ताडकन उभी राहिले, "येस सर, टू मिनिट्स" म्हणत वळले, तर केबिनमध्ये चिटपाखरू नाही. गेटपास द्यायच्या सरकत्या खिडकीबाहेर पिवळं हेल्मेट घातलेला, रुंद खांद्यांचा एक माणूस तेवढा उभा होता.

"तुम्ही बोललात?"

"व्हय वहिनी. काय चुकलं असंल तर माफी करा."

"चुकलं? अहो, चुकलं असतं तर बरं झालं असतं! माझी उसळ सांडली ना सगळी!"

हा दगडू पालशेतकर. गुहागरकडचा, वय छत्तीस, साइटवर रिगर. म्हणजे क्रेनने जो माल उचलायचा त्याला पट्टे बांधून हुक अडकवणारा. वडील गलबतावर खलाशी होते. रागावले होते मी, पण हसूही आवरेना. कारण आवाज हुबेहूब होता. नुसता आवाज नाही, वाक्याच्या शेवटी प्रॉक्टर जसा श्वास घ्यायचा तो श्वाससुद्धा.

आता प्रॉक्टर कोण, ते सांगते. आमच्या साइटवर उचलण्याची जेवढी म्हणून कामं, त्या सगळ्यांचा तो सुपरवायझर. इंग्लंडच्या उत्तरेकडचा, साठीला आलेला, उन्हात भाजून लाल झालेला. पत्रं हाताने लिहायची त्याला सवय नव्हती. तो छोट्या टेपरेकॉर्डरमध्ये बोलून ठेवायचा आणि मी कानाला हेडफोन लावून ते टाइप करायची. पायाखाली एक पेडल असे. दाबलं की टेप चालते, सोडलं की जरा मागे येते. प्रॉक्टरच्या बाबतीत ते पेडल सोडून सोडून माझ्या पायाला गोळे यायचे. 'अप'ला 'ऊप' म्हणायचा, 'हुक'मधला 'ह' गिळून टाकायचा, आणि 'स' आला की बारीक शिट्टी वाजायची. एकेक वाक्य सात-सात वेळा ऐकावं लागायचं. हेडफोनने कान दुखायला लागले की सुट्टीत मी ते काढून टेप मोठ्याने लावायची. खिडकीबाहेर उभं राहून हा बहाद्दर तेच ऐकत होता, गेले दोन महिने.

"कशाला पण?" मी विचारलं. "नकला करायला दुसरं कुणी मिळालं नाही? पकडलं तर घरी पाठवतील."

"शिकतोय वहिनी."

"इंग्रजी शिकायचंय तर पुस्तक घ्या. मी देते."

"इंग्रजी नको. ह्येंचा आवाज पायजे."

मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलंय ह्याचं. तसं म्हटलंही. दुसऱ्या दिवशी सुट्टीत पुन्हा खिडकीशी हजर. तिसऱ्या दिवशीही. हाकललं तरी जाईना. चौथ्या दिवशी मीच कंटाळून म्हटलं, आत येऊन बसा, आणि काय ते एकदा सांगून टाका.

त्याने सांगितलं ते असं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये साइटवर अपघात झाला होता. सळयांचा गठ्ठा वर जात असताना एक पट्टा सरकला आणि गठ्ठा तिरका होऊन झोका घेत आला. खाली तय्यब काम करत होता. तय्यब दगडूच्याच गावचा, एका शाळेत शिकलेला, सोनापूरच्या कॅम्पमध्ये त्याच्याच खोलीत वरच्या खाटेवर झोपणारा. त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. महिन्याभरात त्याला कुबड्या देऊन घरी पाठवलं. हे सगळं मला ठाऊक होतं, कारण अपघाताचा अहवाल मीच टाइप केला होता. त्यात प्रॉक्टरचं एक वाक्य होतं, कुणीही कसलाही इशारा दिला नाही.

"तेच तर खोटं हाय," दगडू म्हणाला.

पट्टा सरकताना त्याने पाहिला होता. सिग्नल देणारा माणूस, म्हणजे ज्याच्या हातातल्या वॉकीटॉकीवरून क्रेनचालक ऐकतो तो, दुसरीकडे बघत होता. त्याचा जादा वॉकीटॉकी शेजारच्या पिंपावर पडला होता. दगडूने तो उचलला, बटण दाबलं आणि ओरडला, "स्टॉप, स्टॉप सर!" वरून क्रेनचालक मुनीरचा आवाज आला, "कौन बोल रहा है? चॅनल खाली करो." आणि क्रेन फिरत राहिली.

मुनीर वाईट माणूस नव्हता हो. पेशावरकडचा, पाच वेळा नमाज पढणारा, कामाला वाघ. पण सव्वाशे मीटर वर काचेच्या पेटीत बसून दिवसभर कान किटतात. हेल्पर लोक चॅनलवर येऊन काहीबाही बडबडायचे, त्याला सवय झाली होती ते सोडून द्यायची. सिग्नलमनचा आवाज आणि प्रॉक्टरचा आवाज, एवढे दोनच आवाज त्याच्या कानाला खरे होते.

"शब्द बरोबर होता, वहिनी," दगडू म्हणाला. "आवाज चुकला. तोच शब्द प्रॉक्टरसायबाच्या तोंडून गेला असता तर तय्यबचा पाय आज जाग्यावर असता."

"मग चौकशीत का नाही बोललात?"

"दुसऱ्याच्या वॉकीटॉकीला हात लावलेला. मुनीरची नोकरी गेली असती, माझी पण. आणि वर चालकानं नाय ऐकलं, तिथं खाली कोण ऐकणार होतं?"

मग म्हणाला, "इस्पितळात तय्यबनं मला एकच विचारलं. तू बोलला होतास ना रे? मी मान खाली घातली, वहिनी. निघून आलो."

माझी उसळ-बिसळ सगळी विसरले मी. मी स्वतः मराठी शाळेत शिकलेली. पहिल्या नोकरीत फोनवर माझं इंग्रजी ऐकून समोरचे म्हणायचे, कुणाला तरी दुसऱ्याला द्या. शब्द सगळे बरोबर असायचे. तेव्हा रडले नव्हते, पण त्याची आग अजून आहे पोटात. ज्याचं जळतं त्याला कळतं.

नोव्हेंबरमध्ये नव्या सिग्नलमनची परीक्षा होती. प्रॉक्टर स्वतः तोंडी प्रश्न विचारायचा, इंग्रजीत. पास झाला त्याला नारिंगी जाकीट आणि स्वतःचा वॉकीटॉकी. दगडूला ते हवं होतं. पगारासाठी म्हणत असेल लोकांना, पण मला त्याने सांगितलं ते वेगळंच होतं. "माझ्या बोलण्यानं ती क्रेन एकदा थांबायला पायजे. एकदाच. मग तय्यबला सांगंन काय झालं होतं ते."

टाइप करायच्या टेपा मी दिल्या नाहीत, ती कंपनीची पत्रं. पण सुरक्षेवर प्रॉक्टरने केलेलं एक भाषण साध्या कॅसेटवर होतं, दर शनिवारी सकाळी कामगारांना ऐकवायचे आणि कुणाला ढिम्म कळायचं नाही. त्याची एक कॉपी करून दिली. दगडूने देऱ्याच्या बाजारातून वॉकमन आणला. सोनापूरचा कॅम्प ते साइट, बसमध्ये जाताना तास आणि येताना तास, कानाला तेच. बाकीचे गाणी ऐकायचे, हा प्रॉक्टर ऐकायचा. शब्दांचे अर्थ मी सुट्टीत सांगायची. एकदा सांगितलं की खलास, पुन्हा विचारायचं नाही. पाटी-पेन्सिल नाही, वही नाही. ऐकायचं, तोंडात घोळवायचं आणि बाहेर काढायचं.

कॅम्पात मात्र भलतंच झालं. गुरुवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सुट्टी म्हणून, खोल्यांसमोरच्या मोकळ्या जागेत लोक जमायचे. दगडू उलट्या बादलीवर उभा राहायचा आणि प्रॉक्टर व्हायचा. कमरेवर हात, मान पुढे, "हू टोल्ड यू टू टच दॅट ऊक?" चार राज्यांचे आणि तीन देशांचे लोक हसून हसून गडाबडा लोळायचे म्हणे. ज्याची जिरवायची त्याचं नाव सांगायचं, दगडू प्रॉक्टरच्या आवाजात त्याची जिरवायचा. लोक त्याला 'गोरा' म्हणायला लागले, त्याच्या तोंडावर. तो म्हणायचा, हसा लेको. मजा त्यालाही यायची, हे मी नाकारत नाही. मला करून दाखवताना डोळे चमकायचे. पण लोक पांगले की तो खोलीत जाऊन तीच वाक्यं, तय्यबच्या रिकाम्या खाटेखाली बसून, पुन्हा पहिल्यापासून म्हणायचा. हे मला त्याच्या खोलीतल्या एकाने सांगितलं, तक्रार म्हणून.

ऑक्टोबरात एका शुक्रवारी मी त्याला करामा भागातल्या आमच्या घरी जेवायला बोलावलं. सुरमई आणली होती. माझी मुलगी ईशानी तेव्हा नऊ वर्षांची, ब्रिटिश शाळेत जाणारी. माझ्या प्रत्येक शब्दाला नाक मुरडायची. "आई, इट्स नॉट व्हॉटर!" असं दिवसातून दहा वेळा. मी म्हटलं, बघूया हिच्या परीक्षेत हा टिकतो का. दगडूने हात धुतले, सरळ उभा राहिला आणि सुरू झाला. स्लिंग्ज, शॅकल्स, सेफ्टी फर्स्ट. ईशानी तोंड उघडं ठेवून ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "अंकल, इट्स ब्रिलियंट. बट व्हाय डू यू व्हिसल?"

"काय म्हणते?"

"शिट्टी का वाजवता विचारतेय," मी म्हटलं.

"आता घ्या! ती शिट्टी नाय, तो इंग्लिश 'स' हाय," दगडू म्हणाला. "आपला 'स' साधा असतो, त्येंचा वाजतो. लय दिवस गेले मला ती जमवायला. जीभ दातामागं अशी धरायची."

ईशानी प्रॉक्टरला आमच्या कंपनीच्या पिकनिकला भेटली होती. ती खो खो हसत सुटली. "दॅट्स नॉट इंग्लिश! दॅट्स हिज टीथ! ही हॅज फॉल्स टीथ, आई!"

कवळी! मी कपाळावर हात मारला. अहो, ह्या माणसाने इंग्रजीबरोबर साहेबाची सैल कवळीसुद्धा पाठ केली होती. माझा नवरा प्रकाश तर उठून आत गेला हसायला. दगडू मात्र हसला नाही. ताटाकडे बघत राहिला.

"अहो, सोडून द्या ती शिट्टी," मी म्हटलं. "एवढं काय त्यात."

"सोडता येईल," तो म्हणाला. "पण नको. मुनीरला तोच आवाज वळखीचा हाय. शिट्टी गेली तर परत दगडू राहील."

पालथ्या घड्यावर पाणी. परीक्षेत प्रॉक्टरसमोर तरी वाजवू नका, एवढं बजावलं. तो हो म्हणाला.

नोव्हेंबरची परीक्षा आमच्याच केबिनमध्ये झाली. गुण लिहायला मी. प्रॉक्टर टेबलापलीकडे, हातात कागद. दगडू इस्त्री केलेला शर्ट घालून आला होता. पहिला प्रश्न सोपा. दगडूने तोंड उघडलं, आणि उत्तर आलं. शिट्टीसकट! सहा महिने जीभ ज्या वळणावर गेली ती ऐनवेळी वळेल कशी? दुसरं उत्तर, तिसरं उत्तर. तो घाबरला होता, आणि जितका घाबरत होता तितका जास्त प्रॉक्टर होत होता. हात कमरेवर गेले. मान पुढे आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

प्रॉक्टर आधी गोंधळला. मग त्याच्या गळ्यापासून लाली चढायला लागली. त्याने चौथा प्रश्न सावकाश विचारला, "स्टॉप कोण देऊ शकतो?"

"एनीबडी," दगडू प्रॉक्टरच्याच आवाजात म्हणाला. "एनीबडी ॲट ऑल ऑन दिस साइट." आणि दोन 'स'वर दोन शिट्ट्या.

प्रॉक्टरने कागद टेबलावर आपटला. माझी चेष्टा करतोस? माझ्या केबिनमध्ये, माझ्या तोंडावर? तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, वॉर्निंग लेटर टाइप करा. नाही, थांबा, ह्याला घरीच पाठवा.

दगडू दगडासारखा उभा. मी मध्ये पडणार नव्हते, खरंच नव्हते. सेक्रेटरीने साहेबांच्या कामात बोलू नये, हे मला कळतं. पण अंगाचा असा तिळपापड झाला की तोंडातून निघूनच गेलं. "सर, तो चेष्टा करत नाहीये. तो तुमच्याकडूनच इंग्रजी शिकला, तुमच्या कॅसेटवरून. तुमच्या दातांना तो इंग्लिश समजला!"

मेले, म्हटलं मनात. आता दोन तिकिटं.

प्रॉक्टरचा हात आपोआप तोंडाकडे गेला. मग त्याने दगडूला विचारलं, का? माझ्याकडून का?

दगडूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सांगा. आणि मग पहिल्यांदा त्या केबिनमध्ये त्याचा स्वतःचा आवाज आला, जाडाभरडा, कोकणातल्या पाण्याचा. "बुक से एनीबडी, सर. क्रेन से ओन्ली यू." पुस्तक म्हणतं कुणीही, क्रेन म्हणते फक्त तुम्ही. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने मार्चमधलं सगळं सांगितलं. पट्टा, पिंपावरचा वॉकीटॉकी, त्याने दिलेला स्टॉप, आणि फिरत राहिलेली क्रेन. मुनीरचं नाव घेतलं नाही. फक्त 'अप' म्हणाला आणि बोट वर केलं.

प्रॉक्टर उठून खिडकीशी गेला. अहवालावर त्याची सही होती. कुणीही इशारा दिला नाही. पाठमोराच म्हणाला, "उद्या सकाळी सात. खऱ्या क्रेनवर. पण स्वतःच्या आवाजात. क्रेन थांबली तर पास. माझा आवाज काढलास तर नापास."

दुसऱ्या दिवशी मी साइटवर कधी नव्हे ते सातच्या आधी पोचले. चपलेत वाळू, डोक्यावर ढगळ हेल्मेट. खालची सगळी जागा मोकळी केली होती. टेस्टसाठी ठेवलेला दोन टनांचा काँक्रीटचा ठोकळा हुकला लावला होता. नेहमीच्या सिग्नलमनने उचलायला सांगायचं आणि मध्ये कधीतरी दगडूने स्टॉप द्यायचा, एवढंच. मुनीरला काही सांगितलेलं नव्हतं. प्रॉक्टर हाताची घडी घालून उभा राहिला.

ठोकळा उठला, वर गेला, फिरायला लागला. प्रॉक्टरने मान हलवली. दगडूने बटण दाबलं. "स्टॉप. स्टॉप सर."

वॉकीटॉकी खरखरला. "कौन बोल रहा है? चॅनल खाली करो."

तेच शब्द. मार्चमधलेच. ठोकळा आपला फिरतोय. मी दगडूकडे पाहिलं आणि मला नाही बघवलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मनात म्हटलं, अहो काढा तो आवाज, काढा एकदाचा, मरू दे ती परीक्षा. त्याने तोंड उघडलं, ओठ त्या प्रॉक्टरच्या वळणावर गेलेसुद्धा. मग मिटले. प्रॉक्टरने एक बोट वर केलं. अजून एकदा.

दगडूने एकदा सांगितलं होतं, गलबतावर वारा उलटला की त्याचे वडील शीड उतरवायला ओरडायचे, ते खाडीच्या दुसऱ्या काठावर ऐकू जायचं. घशातून नाही, पोटातून. मी तेव्हा म्हटलं होतं, पुरे हो तुमच्या बढाया. त्याने हेल्मेट मागे सरकवलं, पाय फाकवून रोवले आणि बटण दाबलं.

"मुनीर! दगडू बोल रहा हूँ! स्टॉप!"

वॉकीटॉकीची गरजच नव्हती. पलीकडच्या साइटवरचे लोक वळून बघायला लागले. सर नाही, शिट्टी नाही, काही नाही. ठोकळा हिसका देऊन थांबला आणि जागच्या जागी हलत राहिला.

चॅनलवर मुनीरचा आवाज आला, हळू. "रुक गया, दगडूभाई." मग, "मार्च में भी तू ही था ना?"

चॅनल सगळ्यांचा. प्रॉक्टरला हिंदी बऱ्यापैकी कळायचं, दुबईत बारा वर्षं काढली होती त्याने. दगडूने बटण दाबलं.

"हां. मैं ही था."

"मुझे लगा था," मुनीर म्हणाला. "उस दिन से लगता है."

मी रडले. लपवत नाही. वाळू गेली डोळ्यात, असं प्रॉक्टरला सांगितलं. त्याने मला रुमाल दिला आणि म्हणाला, पास लिहा.

त्याच दुपारी त्याने मला टेप दिली. अपघाताच्या अहवालात दुरुस्ती. इशारा देण्यात आला होता. तो मानला गेला नाही. तो मानला जाईल अशी पद्धत बसवण्याची जबाबदारी माझी होती, ती मी पार पाडली नाही. खाली स्वतःचं नाव. मुनीरला एक लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. ती टेप मी एकदाही मागे न घेता टाइप केली. त्याच्या 'स'सकट प्रत्येक शब्द कळला मला त्या दिवशी.

दगडूने नारिंगी जाकीट सात वर्षं घातलं. दोन हजार तीनमध्ये तो दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात रिगिंगचा सुपरवायझर झाला. मी एकदा गेले होते बघायला. नवा माणूस कामाला आला की पहिल्या दिवशी हा त्याच्या हातात वॉकीटॉकी द्यायचा आणि सांगायचा, आपलं नाव घे आणि स्टॉप म्हण. तुझ्या आवाजात. कुणी बंगाली, कुणी नेपाळी, कुणी लाजून हसायचा. क्रेन थांबेपर्यंत सोडायचा नाही. प्रॉक्टर तोपर्यंत आपल्या देशी परतला होता, पण दगडूच्या तोंडून तो अधूनमधून निघायचा, शिट्टीसकट. जेवणाच्या सुट्टीत, हसवायला.

पण मला सांगायचंय ते त्याच नोव्हेंबरातलं. त्या काळी कॅम्पातले बरेच लोक घरी पत्र पाठवत नसत, कॅसेट पाठवत. लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं. दगडूने माझ्याच केबिनमध्ये, माझ्याच रेकॉर्डरवर, तय्यबसाठी कॅसेट भरली. भाषणाच्या कॅसेटची दुसरी बाजू. सुरुवातीला प्रॉक्टरच्या आवाजात तय्यबची भरपूर खरडपट्टी काढली, बसून खातोस काय म्हणून. मग म्हणाला, "तय्यब, तू इस्पितळात विचारलं होतंस. मी बोललो होतो रे. दोनदा बोललो. क्रेन नाय थांबली. आता थांबते. कागदावर पण लिवलंय त्येंनी." आणि बटण बंद केलं.

उत्तराची कॅसेट जानेवारीत आली, गावी जाऊन आलेल्या एकाच्या हाती. दगडू ती हातात घेऊन माझ्याकडे आला. एकट्यानं ऐकवत नाय, म्हणाला. मी लावली. आधी कोंबड्या, मग तय्यबची बायको सायरा सगळ्यांची खुशाली सांगत होती, मग पोरं भांडली. शेवटी तय्यब.

"दगडू, येड्या, तू बोललास ते मला म्हाईत नाय होय? मी खाली वाकलेलो, पाठ क्रेनकडं. तुझा आवाज कानावर आला म्हणून तर वळलो, उडी घेतली. म्हणून पायावर भागलं. नायतर गठ्ठा पाठीतच बसला असता. तेवढंच सांगायला तुला विचारलं होतं इस्पितळात, तर तू निघूनच गेलास."